गप्पांच्या यंत्राचा ओनामा

कोलवाळचा पूल ओलांडून महामार्ग बार्देशातून पेडणे तालुक्यात शिरला, की शापोरा नदीच्या उत्तरेस धारगळ लागते. २०२२ च्या डिसेंबरात या गावातील आयुर्वेद संस्थेचे उद्‌घाटन झाले आणि त्याच दिवशी शेजारच्या मोपा येथील विमानतळाचेही. परंतु पेडण्यातला माणूस परमुलखी जाण्यासाठी विमानतळाची वाट पाहत थांबला होता, असे मात्र नाही. पोटापाण्यासाठी तो पूर्वीपासून मुंबईस जात आला. पुढे आखातात गेला. कोणी बोटीवर चढला. आणि अलीकडे कोणी पोर्तुगालच्या पासपोर्टावर इंग्लंडही गाठले. घरी मागे राहिली ती म्हातारी माणसे, घराचे कुलूप, परसातले चार माड आणि चवथीला कोण येणार व कोण नाही याची चर्चा.

अशा घरात पूर्वी पत्र येई. ते दोनदा वाचले जाई आणि देवाच्या फोटोमागे खोचून ठेवले जाई. मग नाक्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले, आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी घरचे माणूस तेथे जाऊन बसू लागले. आता रजेवर आलेला मुलगा जाताना आईच्या हातात एक नवा मोबाईल ठेवतो, "यात व्हॉट्सअ‍ॅप घालून दिले आहे" असे सांगतो, घाईघाईने चार बटणे दाखवतो आणि निघून जातो. त्यानंतर त्या माउलीची जी अवस्था होते, ती लक्षात घेऊनच पुढील माहिती दिली आहे. यंत्र अवघड नाही. ते शिकविणाऱ्याला घाई असते, एवढीच काय ती अडचण.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय, ते पाहू जाता त्याची पूर्वपीठिका थोडक्यात कळणे इष्ट ठरेल. इंटरनेटवर लेखी गप्पा मारण्याची कल्पना आजची नव्हे. १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने असा एक प्रोग्रॅम रचला. त्यानंतर १९९६ मध्ये इस्रायलमधून आयसीक्यू आला, आणि १९९८ मध्ये याहूचा मेसेंजर. भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. पुढे गावोगावच्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून तरुण मंडळी याहूवर गप्पा मारू लागली. त्या गप्पांत एक मोठी अडचण होती. सामान्यतः दोघांनीही एकाच वेळी आपापल्या यंत्रापुढे बसलेले असावे लागे. म्हणजे बोलणे लेखी असले, तरी त्याची जात टेलिफोनचीच होती.

ही अडचण मोबाईलने दूर केली. यान कूम आणि ब्रायन अ‍ॅक्टन यांनी २००९ मध्ये अमेरिकेत व्हॉट्सअ‍ॅप सुरू केले. कूम हा मूळचा युक्रेनमधला. लहानपणी आईबरोबर देश सोडून अमेरिकेस आलेला. २०१४ मध्ये फेसबुक कंपनीने हे अ‍ॅप सुमारे एकोणीस अब्ज डॉलरना विकत घेतले. या अ‍ॅपमध्ये संदेश पाठविला असता दुसऱ्याचा फोन बंद असेल, तर संदेश वाटेत थांबून राहतो आणि तो फोन चालू झाला की पोहोचतो. म्हणजे पत्राप्रमाणे तो वाट पाहतो आणि टेलिफोनप्रमाणे क्षणात जातो. याच तऱ्हेची सिग्नल, टेलिग्राम, चेन्नईच्या झोहो कंपनीचे अरट्टई अशी इतरही अ‍ॅप आहेत. एक नीट आले की बाकीची येतात. धारगळच्या घरात जे बहुधा असते ते व्हॉट्सअ‍ॅप, म्हणून येथे त्याचाच विचार केला आहे.

आता प्रत्यक्ष सुरुवात. अ‍ॅप फोनमधल्या प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. कोणी पाठविलेल्या दुव्यावर बोट ठेवून, "याहून चांगले, जास्त सोयींचे व्हॉट्सअ‍ॅप" म्हणून जे मिळते, ते घेऊ नये. अ‍ॅप उघडले की ते मोबाईलचा नंबर विचारते. त्यापुढे देशाचा आकडा असतो; भारताचा ९१. नंबर घातला की त्याच नंबरावर सहा आकड्यांचा एक कोड येतो. तो अ‍ॅपमध्ये घातला म्हणजे खाते सुरू झाले. मग आपले नाव लिहावयाचे आणि हवा असल्यास फोटो लावावयाचा. काम एवढेच, दहा मिनिटांचे.

परंतु या दहा मिनिटांतील त्या सहा आकड्यांपाशी थोडे थांबणे अवश्य आहे, कारण नवशिक्यांवर येणाऱ्या आपत्तींपैकी पुष्कळ त्या एका ठिकाणी उगम पावतात. व्हॉट्सअ‍ॅपला माणूस ओळखता येत नाही. त्याला ओळखता येतो तो नंबर. आणि नंबर खरोखर याच माणसाच्या हातात आहे हे त्याला ज्यावरून पटते, तो हा कोड. म्हणजे कोड ही घराची किल्ली झाली. ती ज्याच्या हाती गेली, त्याच्या फोनवर ते खाते उघडते. मग तो माणूस धारगळचा असो वा हजार मैलांवरचा.

ठकसेनांनी हे फार लवकर ओळखले. त्यांची एक ठरलेली रीत आहे. एखाद्या भाच्याचे खाते आधी चोरले जाते. मग त्याच भाच्याच्या नावाने, त्याच्याच फोटोसह मावशीला संदेश येतो : "मावशी, माझा एक कोड चुकून तुझ्या नंबरावर गेला आहे, जरा पाठव." मावशीच्या फोनवर खरोखरच एक कोड आलेला असतो. तो अर्थातच भाच्याचा नसतो. मावशीचे खाते दुसऱ्या फोनवर उघडण्याचा प्रयत्न चालू असल्यामुळे आलेला, मावशीचाच कोड तो. भोळेपणाने ती तो पाठवते. दुसऱ्या मिनिटाला तिचे खाते गेलेले असते आणि तिच्या नावाने तिसऱ्याच कोणाकडे पैशाची मागणी सुरू झालेली असते. येथे मावशीने मूर्खपणा केला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिने भाच्यावर विश्वास ठेवला, एवढेच. म्हणून यात भाचा, मुलगा, बँक, टेलिफोन कंपनी, सरकार असा कोणताच अपवाद ठेवू नये. फोनवर आलेला कोड कोणालाही वाचून दाखवावयाचा नाही व पाठवावयाचा नाही.

या किल्लीच्या जोडीला आणखी एक कडी घालता येते. अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट म्हणून जो भाग आहे, त्यात दोन पायऱ्यांच्या पडताळणीची सोय आहे. तेथे सहा आकड्यांचा स्वतःचा एक पिन ठरवावयाचा असतो. एकदा तो ठरविला, की नुसता कोड मिळून कोणाला खाते उघडता येत नाही, पिनही लागतो. अ‍ॅप मधूनमधून तो पिन विचारते, ते विसर पडू नये म्हणून. मुलगा रजेवर आहे तोवरच हे काम त्याच्याकडून करवून घ्यावे, आणि पिन मात्र स्वतःच्या वहीत लिहून ठेवावा.

खाते झाल्यावर माणसांचे नंबर साठवावे लागतात. येथे परदेशातील नंबरांच्या बाबतीत नेहमी घोटाळा होतो. नंबराआधी अधिकचे चिन्ह आणि त्या देशाचा आकडा असावाच लागतो. संयुक्त अरब अमिरातीचा ९७१, कुवेतचा ९६५, कतारचा ९७४, ओमानचा ९६८, इंग्लंडचा ४४. हा आकडा गाळून नंबर साठविला, तर त्या नावापुढे व्हॉट्सअ‍ॅप दिसत नाही, आणि मुलाने अ‍ॅप काढून टाकले की काय अशी घरच्यांची समजूत होते.

बोटीवर असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याचे खाते सामान्यतः गावातल्या भारतीय नंबरावरच असते. तो सिंगापूरच्या बंदरात असो की अटलांटिकच्या मध्यावर, बोटीवरचे वायफाय मिळाले की त्याच जुन्या नंबराच्या खात्यातून त्याचा संदेश येतो. नंबर ही खात्याची पाटी आहे; माणूस कोठे आहे हे ती सांगत नाही. मात्र यातून एक जबाबदारी घरच्यांवर येते, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सिम कार्ड कित्येक महिने रिचार्जविना पडून राहिले, तर टेलिफोन कंपनी तो नंबर बंद करते, आणि पुढे तो दुसऱ्याच कोणाला देते. त्या नव्या माणसाने त्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप सुरू केले, की त्याच्याकडे कोड जातो आणि बोटीवरच्या माणसाचे खाते बंद पडते. आठ-नऊ महिन्यांच्या करारावर गेलेल्या मुलाच्या सिमला वेळच्या वेळी रिचार्ज मारणे हे म्हणून घरपट्टी भरण्याइतकेच आवश्यक काम समजावे.

संदेश पाठविला की त्याखाली बारीक खूण उमटते. तिला टिक म्हणतात. एक राखी टिक म्हणजे संदेश आपल्या फोनातून निघाला. दोन राखी टिक म्हणजे तो पलीकडच्या फोनावर पोहोचला. त्याच दोन टिक निळ्या झाल्या म्हणजे तो उघडून पाहिला गेला. ही निळी खूण २०१४ च्या नोव्हेंबरात आली, आणि तिने जगभर जितके रुसवेफुगवे निर्माण केले, तितके एखाद्या वाईट शब्दानेही केले नसतील. वास्तविक या खुणा फोनांविषयी सांगतात, मनाविषयी काहीच सांगत नाहीत. बोटीवरच्या माणसाला पाठविलेल्या संदेशाला दोन-दोन, तीन-तीन दिवस एकच टिक राहते. त्याचा अर्थ एवढाच, की भर समुद्रात त्याच्या फोनला इंटरनेट मिळालेले नाही. रात्र रात्र फोन उशाशी घेऊन त्या एका टिकेकडे पाहत बसणाऱ्या आईला ही गोष्ट कोणीतरी आधीच समजावून सांगितली असती, तर तिची झोप वाचली असती. दोन निळ्या टिक पडूनही उत्तर आले नाही, तर तो कामावर असेल. पाहून झाले आणि बोलावणे आले, असेही होते. काहीजण तर ही निळी खूण सेटिंग्जमधून बंदच करून ठेवतात. त्यांच्या बाबतीत संदेश वाचला गेला तरी टिक राखीच राहते.

वेळेचा हिशोबही ठेवावा लागतो. दुबईचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे. इंग्लंडचे हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे. धारगळला सकाळी सात वाजता आईने पूजा आटोपून फोन हातात घेतला, तेव्हा हिवाळ्यातल्या लंडनात रात्रीचे दीड वाजलेले असतात.

आता लिहिण्याचा प्रश्न. मोबाईलवर मराठी लिहिता येते, ही गोष्ट अजूनही पुष्कळांना नवी वाटते. फोनच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या भाषांत मराठी जोडावी लागते. मग इंग्रजी अक्षरांऐवजी देवनागरी अक्षरे समोर येतात. जोडाक्षरासाठी पहिल्या अक्षरानंतर हलन्ताची खूण दाबावयाची आणि मग दुसरे अक्षर. दोन दिवसांत बोट बसते. ज्यांना तेही नको, त्यांच्यासाठी कीबोर्डवर माइकचे चित्र असते. ते दाबून बोलले की बोललेले शब्द लिहून निघतात. गूगलने ही सोय मराठीसाठी २०१७ मध्ये आणली. अर्थात ती ग्रंथातील मराठी बरी समजते आणि गावची बोली ऐकली की गोंधळते. तेव्हा पाठविण्यापूर्वी एकदा वाचून पाहिलेले बरे. नाहीतर "भात शिजला" म्हणावयाचे आणि तेथे भलतेच उमटावयाचे.

याहून सोपा आणि धारगळसारख्या गावाला सर्वांत उपयोगी असा तिसरा मार्ग म्हणजे आवाजाचा संदेश. लिहिण्याच्या जागेच्या उजव्या टोकाला माइकचे चित्र असते. त्यावर बोट दाबून धरावयाचे, बोलावयाचे, आणि बोट उचलले की बोलणे गेले. फार वेळ बोलावयाचे असेल, तर दाबलेले बोट वर सरकवावे. मग ते धरून ठेवावे लागत नाही. बोलणे नको झाले, तर बोट डावीकडे सरकवावे. संदेश रद्द होतो. लिहिणे नाही, वाचणे नाही, चष्मा शोधणे नाही.

या सोयीचे महत्त्व पेडणे आणि डिचोली भागात विशेष आहे. येथे घरात बोलली जाते ती कोंकणीची गावची बोली. वर्तमानपत्र वाचले जाते ते मराठी. आणि पत्र लिहावयाचे तर तेही पिढ्यान्‌पिढ्या मराठीतच, "सप्रेम नमस्कार, विनंती विशेष" या थाटाचे. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषा केले आणि मराठीच्या वापरालाही जागा ठेवली. परंतु घराघरांत ही वाटणी कायद्याच्या कितीतरी आधी झालेली होती. परिणाम असा, की आई मुलाशी ज्या शब्दांत बोले, त्या शब्दांत तिने त्याला कधी पत्र लिहिले नाही. पत्रात ती दुसऱ्याच्या हाताने आणि दुसऱ्याच्या भाषेत "येथील सर्व क्षेम" असे कळवी. आवाजाच्या संदेशात तिची स्वतःची बोली, तिचा खोकला, मागे आरवणारा कोंबडा, हे सगळे जसेच्या तसे जाते. मुलाला ते रात्रपाळी संपल्यावर चार वेळा ऐकता येते. लिहिता येत नाही म्हणून संकोच करणाऱ्या वृद्धांनी आपली सुरुवात येथूनच करावी. लिहिणे मागाहून शिकले तरी चालेल. नाही शिकले तरी काही बिघडत नाही.

चित्रासह समोरासमोर बोलण्याची सोय २०१६ मध्ये आली. नाव उघडून वरच्या बाजूस असलेले कॅमेऱ्याचे चित्र दाबले की फोन लागतो. फोन कानाला न लावता हातभर अंतरावर, चेहऱ्यासमोर धरावा; एरवी परदेशातल्या नातवंडांना आजीचा केवळ कान दिसतो. खिडकी पाठीमागे असू नये, समोर असावी. चित्र अडखळू लागले, तर कॅमेरा बंद करून नुसते बोलावे.

येथे आखातातल्या माणसांच्या घरी एक गैरसमज हमखास होतो. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपमधून फोन करणे, मग ते नुसते बोलणे असो की चित्रासह, दीर्घकाळ अडवून ठेवलेले आहे. तेथे अशा बोलण्यासाठी सरकारने परवानगी दिलेली निराळी अ‍ॅप वापरावी लागतात. लेखी संदेश, फोटो आणि आवाजाचे संदेश मात्र जातात. त्यामुळे दुबईतल्या मुलाचे "गुड मॉर्निंग" रोज येते, आणि फोन केला तर तो लागत नाही किंवा लागताच तुटतो. मुलगा टाळतो आहे, सुनेने काही सांगितले असेल, अशा शंका मनात येऊ लागतात. शंका बाजूला ठेवून, तेथे कोणते अ‍ॅप चालते हे मुलालाच विचारावे व तेही फोनमध्ये घालून घ्यावे. तोपर्यंत आवाजाचे संदेश आहेतच. आणखी एक गोष्ट या संदर्भात सांगणे जरूर आहे. रात्री-अपरात्री घरात कोणी आजारी पडले, तर रुग्णवाहिकेचा १०८ किंवा मदतीचा ११२ हा नंबर व्हॉट्सअ‍ॅपमधून लागत नाही. तो नेहमीच्या फोनातूनच लावावा लागतो.

एकट्याशी बोलणे जमू लागले, की कोणीतरी ग्रुपमध्ये घेते. घरचा ग्रुप, वाड्याचा ग्रुप, देवळाच्या उत्सवाचा ग्रुप, जुन्या वर्गमित्रांचा ग्रुप. ग्रुपात लिहिलेले सर्वांना दिसते, ही गोष्ट नवशिक्याने पहिल्या दिवशी समजून घ्यावी; धाकट्या जावेविषयीची तक्रार मोठ्या नणंदेला म्हणून लिहावयाची आणि ती चाळीस जणांनी वाचावयाची, असे प्रसंग थोडे नाहीत. असे झालेच, तर संदेशावर बोट दाबून धरून तो सर्वांसाठी पुसून टाकता येतो. मात्र सुमारे दोन दिवसांच्या आत, आणि तोवर ज्यांनी वाचला त्यांनी तो वाचलाच. कोणीही उठून कोणत्याही ग्रुपात ओढू नये अशी इच्छा असेल, तर तीही सोय सेटिंग्जमधील प्रायव्हसी या भागात आहे. केवळ ओळखीच्या माणसांनाच ती मुभा ठेवावी.

ग्रुपांतून फिरणाऱ्या मजकुराची गोष्ट मात्र सकाळच्या फुलांच्या चित्रांपुरती नाही. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी १ जुलै २०१८ रोजी जमावाने पाच माणसांना मारून टाकले. ती भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे होती. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून सर्वत्र पसरलेल्या होत्या. ज्यांनी त्या पुढे पाठविल्या, त्यांतील बहुतेकांचा हेतू शेजाऱ्यापाजाऱ्याला सावध करण्याचाच असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास बंदी घातली. पुढे आलेल्या संदेशावर आता बाणाची खूण असते. दोन बाण असतील, तर तो पुष्कळ हातांतून फिरलेला आहे असे समजावे. तो मुळात कोणी लिहिला हे पाठविणाऱ्यालाही ठाऊक नसते. औषधाचा रामबाण उपाय, उद्याच्या संपाची बातमी, हरवलेल्या मुलाचा फोटो, यांपैकी काहीही असो, ज्याने पाठविले त्याला "हे तुला कोठून कळले?" असा साधा प्रश्न विचारावा. उत्तर "ग्रुपवर आले" असे असेल, तर तो मजकूर तेथेच राहू द्यावा.

हे बोलणे मधल्यामध्ये कोणी ऐकते का, अशी शंका शहाण्या माणसाला येतेच. २०१६ च्या एप्रिलपासून व्हॉट्सअ‍ॅपवरील खाजगी संदेश अशा कुलुपात जातात, की ते फक्त पाठविणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्याच फोनात उघडते. वाटेत कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. बंद लखोट्यासारखेच हे आहे, किंबहुना लखोट्याहून भक्कम. परंतु लखोटा कितीही भक्कम असला, तरी आत पत्र कोणाचे आहे हे तो सांगत नाही. पलीकडचा माणूस खरा की खोटा, हे ते कुलूप पाहत नाही. आणि पलीकडच्याने वाचून झाल्यावर त्याचा फोटो काढून गावभर वाटला, तर त्यालाही अडवीत नाही.

खोट्या माणसांचे प्रकार अनेक आहेत. सर्वांत क्रूर प्रकार असा : अनोळखी नंबरावरून चित्रासह फोन येतो, समोर पोलिसाच्या गणवेशातला माणूस, मागे कचेरीचा देखावा. "तुमच्या नावावर गुन्हा आहे, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणाला सांगू नका, इतके पैसे भरा." भारताच्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील "मन की बात"मध्ये ही गोष्ट देशाला सांगितली. तरीही शिकलेली, अधिकारपदे भोगलेली माणसेदेखील या भीतीने कोऱ्या चेहऱ्याने पैसे भरून मोकळी होतात. असा फोन आला तर तो बंद करावा आणि शेजाऱ्याला हाक मारावी. "कोणाला सांगू नका" हे वाक्यच ठकाची ओळख होय. दुसरा प्रकार लग्नपत्रिकेचा. पत्रिका म्हणून एक फाईल येते, तिच्या नावाच्या शेवटी एपीके ही तीन अक्षरे इंग्रजीत असतात. ती पत्रिका नसून फोनमध्ये घुसणारा प्रोग्रॅम असतो. तिला बोट लावू नये. तिसरा प्रकार : "आई, माझा फोन बिघडला, हा नवा नंबर, तातडीने पैसे पाठव." अशा वेळी जुन्या नंबरावर फोन करावा. आवाजाचीही हुबेहूब नक्कल आता यंत्राने करता येते, म्हणून आवाजावर न जाता घरातल्याच माणसाला ठाऊक असेल असे काही विचारावे. गोठ्यातल्या गाईचे नाव, परसातला कोणता फणस पडला, काहीही. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या नंबरावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवावे, तितकी पैसे वाटेत अडविले जाण्याची शक्यता अधिक. अनोळखी नंबरांचे कॉल आपोआप गप्प करण्याची सोयही प्रायव्हसीच्या भागात आहे. ज्यांचे सर्व नातेवाईक नंबरांसह साठविलेले आहेत, त्यांनी ती चालू करून ठेवावी.

हे सर्व वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. सरावासाठी उत्तम उपाय म्हणजे एकाच घरातले किंवा शेजारचे दोन फोन. दोघींनी पडवीत शेजारी शेजारी बसावे. एकीने आवाजाचा संदेश पाठवावा, दुसरीने ऐकावा. टिक एकाच्या दोन आणि दोनाच्या निळ्या कशा होतात, हे दोन्ही फोन समोर ठेवून पाहावे. चुकीचा संदेश मुद्दाम पाठवून पुसून पाहावा. आठ दिवस असे केले, की नवव्या दिवशी दुबई किंवा लंडन गाठावयास हरकत नाही.

राहता राहिला फोन हरवण्याचा प्रश्न. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा बसच्या गर्दीत तो केव्हातरी हरवतोच. अशा वेळी प्रथम टेलिफोन कंपनीला कळवून सिम बंद करून घ्यावे, आणि ओळखपत्र दाखवून त्याच नंबराचे नवे सिम घ्यावे. ते नव्या फोनात घालून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तोच नंबर नोंदवावा. कोड येईल, तो घालावा, आणि वहीतला पिन घालावा. तसे करताच जुन्या फोनवरचे खाते आपोआप बंद होते. ग्रुप पूर्वीप्रमाणेच राहतात. जुने संदेश मात्र बॅकअपची सोय आधी चालू केलेली असेल तरच परत मिळतात. तेव्हा मुलाच्या आवाजातले जे संदेश जपून ठेवावेसे वाटतात, त्यांच्यासाठी ती सोय त्याच्याकडून रजा संपण्यापूर्वीच चालू करून घ्यावी.